अनुस्वार

लोकमान्य नगरच्या सरकत्या जिन्यापाशी
तो पोरगा उभा असतो, पोटाशी गठ्ठा धरून.
‘सकाळफेरी’ घ्या नं ताई, फुकट आहे.
फुकट म्हटलं की आधी हात पुढे होतो,
डोळे मागून येतात.
आठ पानं. पहिलं अख्खं पान फ्लॅटचं,
बेसा रोड, दोन बीएचके, मंदिर आणि पोहायचा तलाव.
बातमी दुसऱ्या पानापासून, तीही अंग चोरून.

मी सहाव्या पानाची वाचक.
गाद्यांच्या सेलखाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
दहावीची गुणपत्रिका हरवली, खरबी ते दिघोरी दरम्यान.
मी, माहेरची अमुक, लग्नानंतर तमुक.
आणि शेवटी सगळ्यांचं एकच वाक्य,
‘यापुढे मला याच नावाने ओळखावे.’
घरात ज्यांचं कुत्रंही ऐकत नसेल
ते इथे साऱ्या शहराला हुकूम सोडतात.

माझं काम धंतोलीत, पॅथॉलॉजीत,
रक्ताच्या नळ्यांवर नावं लिहायचं.
एकदा कांता बोंद्रेची साखर
कांताप्रसाद दुबेंच्या फाईलला लागली,
बिचाऱ्यांनी महिनाभर जिलेबी सोडली.
तेव्हापासून मी नाव दोनदा वाचते.
काना, मात्रा, वेलांटी. टिंब तर तीनदा.

बुधवारी रचना रिंग रोड गेलं
आणि नजर तिथं अडली:
‘मी, कचरू गोविंदा सोनकुसरे, राहणार हिंगणा,
यापुढे मकरंद गोविंदा सोनकुसरे…’

कचरू.
रोज त्याचा सुपरवायझर ओरडतो ना,
अबे कचऱ्या, गठ्ठा उचल!
अशी नावं माझ्या नळ्यांवर येतात अजून,
दगडू, धोंडी, भिका,
आधीची लेकरं गेली म्हणून
यमाला नको वाटावं असं ठेवलेलं नाव.
पण ते सगळे सत्तरीच्या पुढचे.
हा एकोणीसचा असेल फार तर.

आणि मकरंदवरचं टिंब निळं होतं.

बोटाने पुसून पाहिलं. थोडं पसरलं.
बॉलपेन. छापताना राहिलं असणार.
शब्दामागे पैसे मोजून दिलेल्या जाहिरातीत
आयुष्यभरासाठी ‘मकरद’.

मी शेजारच्या काकांच्या पेपरात वाकून पाहिलं.
ते राशिभविष्य वाचत होते, त्यांनी पान झाकून घेतलं.
‘काका, एक मिनिट.’
निळं टिंब.
समोरच्या कॉलेजच्या पोरीच्या मांडीवर, निळं.
दाराशी उभ्या माणसाने पेपराचा पंखा केला होता,
तो हलत होता तरी दिसलं.
एका प्रतीत हात घसरलेला,
टिंब वरच्या ओळीत पडून
गाद्यांच्या ‘गांद्या’ झाल्या होत्या.

खिडकीत अंबाझरीचं पाणी आलं आणि गेलं.
मी हिशेब करत होते.
तीनशे प्रती तरी असतील.
पान सहा उघडायचं, ओळ शोधायची, टिंब, मिटायचं,
प्रत्येकी दहा सेकंद धरली
तरी पन्नास मिनिटं,
रस्त्याच्या दिव्याखाली, पहिली गाडी सुटायच्या आधी.
आणि इतर स्टेशनांवरच्या प्रती?
तिथे तो मकरदच राहणार.

झाशी राणी चौकात उतरले.
सीटवर तीन पेपर पडलेले,
एकात कुणीतरी संत्र्याची सालं गुंडाळून ठेवलेली.
मी सालं डब्यात टाकली, पान झटकलं,
पर्समध्ये ठेवलं. ओलं होतं.

त्या दिवशी पहिल्या नळीवर
‘चंद्रभागा नंदनवार’ लिहिताना
दोन्ही टिंबं जरा जाडच आली.

गुरुवारी तो तिथेच होता, तोच गठ्ठा.
उजव्या अंगठ्यावर शाई, धुऊनही न गेलेली.
मी जवळ जाऊन म्हटलं,
‘मकरंद, एक दे.’

त्याने आधी मागे वळून पाहिलं,
कोणाला हाक मारली ते.